हौद्यावरचा टप

पिकअपवर टप बसवावा की नको, यावर मी जेवढं डोकं खाजवलं तेवढं स्वतःचं लग्न ठरवतानाही खाजवलं नव्हतं. हे वाक्य माझं नाही, बायकोचं आहे, आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवते. तिचं फारसं चुकत नाही. मुळात माझं बूड एका जागी टेकत नाही. जेवताना अर्ध्यातून उठून मी गाडीचं लॉक लागलंय का बघून येतो. टीव्हीसमोर बसलो की पाय हलत राहतो, आणि पाय हलतोय हे कोणी सांगितलं की दुसरा हलायला लागतो. असल्या माणसाला देवाने पिकअप दिली, आणि तीही उघडी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिकअपला पुढे केबिन असते आणि मागे उघडा हौदा. हौद्याच्या मागच्या बाजूला खाली पडणारा फाळका. या हौद्यावर लोखंडी अँगलचा सांगाडा उभा करायचा, त्याला तिन्ही बाजूंनी आणि वरून पत्रा मारायचा, मागे दोन पल्ल्यांचं दार, दाराला कडी आणि कुलूप. झाला टप. गोदामवाले त्याला बंद बॉडी म्हणतात, आमच्या घणसोली गावात सगळे टपच म्हणतात.

माझं काम जासईच्या गोदामांतून माल उचलून दुकानांना पोचवायचं. बंदरातून आलेले कंटेनर तिकडे फुटतात, म्हणजे उघडून रिकामे होतात, आणि त्यातले खोके माझ्यासारखे छोटे गाडीवाले नेरूळ, वाशी, कोपरखैरणे असे वाटत सुटतात. प्लास्टिकचे डबे, दिव्यांच्या माळा, खेळणी. सगळा माल पुठ्ठ्यात. पुठ्ठ्याला पाणी चालत नाही, ऊन चालत नाही आणि दुकानदाराला पुठ्ठ्याचा नुसता कोपरा ओला झालेला चालत नाही. म्हणून मी ताडपत्री बांधायचो. ताडपत्री बांधणं हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. दोरी इकडून टाका, तिकडे पळा, ओढा, गाठ मारा, परत इकडे या. पहिल्या दुकानात चार खोके उतरवले की सगळी सोडा, पुन्हा बांधा. पामबीच रोडवर गाडीने जरा वेग घेतला की ताडपत्री मागे फडफडायला लागायची आणि मी गाडी कडेला घेऊन गाठी बघायचो. सिग्नलला थांबलो की दोन्ही आरशांतून मागे बघत बसायचो. एकदा सानपाड्याच्या सिग्नलला कोणीतरी मागून एक खोका अलगद उचलून नेला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवून मला सांगितलं, तोवर माणूस आणि खोका दोन्ही गायब. त्यानंतर हिरवा दिवा कधी लागला हे मला मागच्या गाड्यांच्या शिव्यांवरूनच कळायचं.

टप असता तर यातलं काही नसतं. कडी लावा, कुलूप घाला, शीळ वाजवत जा. गोदामाचा मॅनेजरही टोचत होता. "अरे, आता सगळे बंद गाडी मागतात. तू अजून ताडपत्री घेऊन फिरतोस?"

पण टपाला दुसरी बाजूही होती, आणि मी ती बायकोला रोज वेगळ्या क्रमाने सांगायचो. गाडी जड होणार, डिझेल जास्त खाणार. वाऱ्यात बाजूने ढकलली जाणार. आत उन्हाची भट्टी होणार. उंच माल, म्हणजे कपाट, फ्रीज, मांडवाचे बांबू, असलं काही घेता येणार नाही. हळदीला गावातला कोणीही येऊन "गाडी दे रं" म्हणतो, ते बंद होणार. यावर बायको म्हणायची, ते बंद झालं तर ते फायद्यात धरा. ती स्वतः गाडी चालवते. माझी कंबर धरली होती तेव्हा महिनाभर नेरूळची दुकानं तिनेच केली, त्यामुळे या विषयात तिला मत आहे आणि ते मत कधीच ठरलेलं होतं. "लावायचा तर लावा. नाय तर नका लावू. पण मला झोपू द्या," ती म्हणायची.

एक गोष्ट मात्र मी तिलाही सांगत नव्हतो, आणि तिला ती न सांगता ठाऊक होती. टप बसला की बाबांनी बसायचं कुठे?

आमच्या घरासमोर पूर्वी खळं होतं. शेती होती तेव्हा तिथे भाताची मळणी व्हायची. शेती शहरासाठी गेली, मग भोवतीने घरं उभी राहिली, घरांवर मजले चढले, मजल्यांत भाडेकरू आले. आमच्याही घराचे तीन मजले झाले आणि खालच्या ओट्याच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं. गावठाणात घरं वर जाताना थोडी थोडी पुढेही सरकतात. शेवटी खळ्यातली जी मोकळी जागा उरली ती बरोबर एका पिकअपएवढी. तिथे माझी गाडी उभी राहायची, आणि संध्याकाळी गाडी आली की बाबा तिच्या हौद्यात बसायचे.

मी हौदा पाण्याने धुऊन द्यायचो. बायको स्टूल लावायची. बाबा अंगाने भरलेले, चढताना गाडी त्यांच्या बाजूला कलायची. चटई टाकून ते आधी बसायचे, मग आडवे व्हायचे. भोवतीच्या घरांच्या गॅलऱ्या आणि पाण्याच्या टाक्या यांच्या मधोमध तिथेच काय तो आभाळाचा तुकडा पूर्ण दिसतो. त्यांचे दोन सोबती यायचे. एक काका, जन्मभर मिठागरात राबलेले, बाबांच्या लहानपणापासूनचे. दुसरे तात्या, साताऱ्याकडचे, बाजारात माथाडी म्हणून आयुष्य काढलेले आणि इतकी वर्षं आमच्याच वरच्या खोलीत भाड्याने राहणारे. तिघे हौद्यात बसून काय बोलायचे कोण जाणे. बऱ्याचदा काहीच बोलत नसत. गल्लीतल्या बायका जाता-येता बाबांना हात करायच्या, बाबा आडव्यानेच हात वर करायचे. मला मात्र ते कधी बोलवायचे, "ये रं, बस दोन मिनटं." मी "आलो" म्हणायचो आणि टायरची हवा बघायला निघून जायचो.

शेवटी एका दुपारी दिव्यांच्या माळांचे सहा खोके भिजले, दुकानदाराने ते परत पाठवले आणि मी तणतणत घरी आलो. बाबांना म्हटलं, "टप लावतो आता. बास झालं."

"लाव," बाबा म्हणाले. "माल भिजला त तुजी झोप उडते. मंग घरातल्या सगल्यांची उडते."

"पण तुम्ही बसाल कुठे?"

"बसन कुटंतरी. मी काय खोका हाय भिजाला?"

हे त्यांनी हसत म्हटलं, म्हणून मीही हसलो आणि माप घ्यायला बांबू शोधायला लागलो. एकदा ठरलं की मला दम निघत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चुलतभावाच्या घराची गॅलरी रस्त्यावर पुढे आलेली आहे. गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीला तिच्या खालूनच जावं लागतं. टप केवढा उंच करायचा हे त्या गॅलरीवर अवलंबून. तेव्हा पिकअप गॅलरीखाली नेऊन उभी केली, बाबांनी हौद्याच्या फळीवर बांबू टेकवून धरला, मी वर चढून गॅलरीच्या स्लॅबपाशी बांबूवर खडूने खूण केली. त्यातून चार बोटं कमी केली आणि ते माप घेऊन रबाळ्याला मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री म्हणाला, "शेठ, चार बोटं नका, एक वीत तरी सोडा."

एक वीत सोडली तर खोक्यांचा वरचा अख्खा थर जातो. मी त्याला म्हटलं, माप मी स्वतः घेतलंय, तू फक्त बनव. तो खांदे उडवून वेल्डिंगला लागला. काम चालू होतं तितके दिवस मी रोज जाऊन त्याच्या डोक्यावर उभा राहायचो. शेवटी त्याने मला चहा पाजून बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि तिथेही मी बसलो नाही.

टप झक्क झाला. पांढरा रंग, कडेला निळा पट्टा. संध्याकाळी हॉर्न वाजवत गल्लीपाशी आलो. बायको हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी, बाबा नारळ घेऊन, काका आणि तात्या त्यांच्या मागे. मी ऐटीत गाडी आत घातली. केबिन गेली, टपाचं पुढचं टोक गेलं आणि मागच्या बाजूला खर्रर्र असा आवाज झाला. गॅलरीचा गिलावा खाली पडला. वरून चुलतभावाची बायको वाकून म्हणाली, "भावजी, आमचं घर पाडताव का काय?"

मी गाडी मागे घेतली, पुन्हा घातली, पुन्हा खर्रर्र. खाली उतरून माप घेतलं. टप बरोबर दिलेल्या मापाचा होता. पुन्हा घेतलं. तरी बरोबर. मिस्त्रीला फोन करून शिव्या घालायची तयारी केली, पण शिव्या घालायला काही जागाच सापडेना. नारळ रस्त्यावरच फुटला आणि त्या संध्याकाळी गाडी बाहेर मुख्य रस्त्याला गटाराच्या कडेला उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी माल भरून घरी जेवायला आलो. म्हटलं, बघू तरी पुन्हा. गाडी गॅलरीखालून मस्त सरकली, वर चार बोटं हवा. मी भांबावून खाली उतरलो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माप घेतलं त्या दुपारी गाडीत उरलेल्या दुकानांचा माल तसाच होता. माल भरला की मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि अख्खा हौदा खाली बसतो. रिकामी झाली की गाडी पुन्हा वर उठते. मी भरलेल्या गाडीचं माप दिलं होतं आणि संध्याकाळी येणार होतो रिकामा. इतकी वर्षं गाडी चालवून ही अक्कल. बायको हसली नाही, फक्त आत जाऊन पदर तोंडात धरून उभी राहिली. तिचा दंड हलताना मला दिसत होता.

वरून बोटभर कापायचं म्हणजे पत्रा सगळा उसवायचा, सांगाडा पुन्हा जोडायचा, तितके दिवस धंदा बंद. आणि गोदामात आता माझ्या बंद गाडीला रोज माल मिळत होता. मॅनेजर खूश. खोके कोरडे. सिग्नलला मी पहिल्यांदा पुढे बघत होतो. त्यामुळे कापायचं काम मी पुढच्या आठवड्यावर टाकलं, मग त्याच्या पुढच्या. गाडी बाहेरच राहू लागली.

गाडी बाहेर आणि बाबा घरात. खळ्यातली जागा रिकामी राहिली म्हणता म्हणता तिथे भाडेकरूंच्या बाइका लागल्या. बाबांनी पहिले काही दिवस दारात खुर्ची टाकली. मोबाइलच्या दुकानात येणारी गिऱ्हाइकं त्यांच्या गुडघ्यांना अडखळायची. मग ते मेडिकलच्या पायरीवर जाऊन बसू लागले, तिथून त्यांना कोणी उठवलं नाही, पण औषध घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, "काय होतंय बाबा?" तिथूनही उठले. जिन्यात बसायचे, उठायचे. देवळापर्यंत जायचे, लगेच परत यायचे. माझा रोग त्यांना लागला असं बायको म्हणाली, आणि या वेळी ती चेष्टेत म्हणाली नाही. जेवण कमी झालं. दर संध्याकाळी एकच प्रश्न, "गारी आली?" आली म्हटलं की म्हणायचे, "कुटं लावली?" बाहेर म्हटलं की उठून जिन्यात जायचे. टप काढ असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी भांडलो तरी असतो.

मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. एकदा मीच त्यांना म्हणालो, "मग चला ना बाहेर, गाडीतच बसा तिथे."

मी रागाने म्हणालो होतो. त्यांनी ते सरळ घेतलं. दुसऱ्या संध्याकाळी मी येऊन गाडी रस्त्याला लावतो तर तिघेही गल्लीच्या तोंडाशी हजर. स्टूल घेऊन. मी मागचं दार उघडून दिलं. आत दिवसभराची धग होती, म्हणून तिघे दाराच्या काठाशी बसले. समोरून बसगाड्या, रिक्षा, धुरळा. बाबा खूश दिसत नव्हते, पण बसलेले होते. मी पानाच्या टपरीपाशी उभा राहून पाय हलवत त्यांच्याकडे बघत होतो.

तेवढ्यात मागून पाण्याचा टँकर आला. रस्ता अरुंद, माझी गाडी जरा बाहेर, टँकरवाला हॉर्नवरचा हात काढेना. त्याच्या मागे बस येऊन थांबली, तीही वाजवायला लागली. मी धावत जाऊन केबिनमध्ये बसलो, मागे ओरडलो, "बाबा, उतरा!" हॉर्नच्या गोंगाटात कोणाला ऐकू जाणार? गाडी सुरू केली आणि जागा करून द्यायची म्हणून स्टिअरिंग फिरवलं. इतक्या वर्षांची हाताची सवय, गाडी सरळ गल्लीत वळली. गॅलरी समोर दिसली तेव्हा ब्रेक मारायला उशीर झाला होता. मी खर्रर्रची वाट बघत खांदे आवळून बसलो.

काही झालं नाही. गाडी आत आली. हॉर्न वाजवून पोरांना बाइका हटवायला लावल्या आणि गाडी खळ्यातल्या जागेवर जाऊन थांबली. मी उतरून मागे गेलो. तिघे दाराच्या काठाशी पाय सोडून तसेच बसलेले. काका म्हणाले, "आमाला वाटला तू गाडी घेऊन पलालास."

तात्यांनी वर टपाकडे बघितलं, मग बाबांच्या पोटाकडे बघितलं. "बरूबर हाय," ते म्हणाले. "आमचं वजान पडलं."

आम्ही लगेच करून बघितलं. तिघांना उतरवून गाडी गॅलरीखाली नेली. खर्रर्र. तिघांना बसवलं, गेली. बाबांना आत केबिनच्या बाजूला बसवलं, तर घासली. बाबांना अगदी मागे दाराशी बसवलं, सुटली. त्यांचं धूड बरोबर मागच्या टोकाला हवं होतं. काका आणि तात्या दोघेही काटक्या, त्यांचा नुसता हातभार. अख्खी गल्ली गॅलऱ्यांतून बघत होती. बाबा इतक्या दिवसांनी मोठ्याने हसत होते.

तेव्हापासून हा नियमच झाला. संध्याकाळी मी यायचो तेव्हा तिघे गल्लीच्या तोंडाशी उभे. मी दार उघडायचो, काका आणि तात्या आत सरकायचे, बाबा शेवटी चढून दाराच्या काठाला उजव्या बाजूला बसायचे. गाडी आत. मग तिथेच दार उघडं ठेवून अंधार पडेपर्यंत बसायचे. सकाळी गाडी बाहेर काढतानाही तीच गत. तिघे बसून बाहेर यायचे, नाक्यावर चहा प्यायचे आणि पायी घरी परत. बाबा चहावाल्याला सांगायचे, "मी कामाला लागलोय. गारीवर." मला सांगायचे, "मी नसतो त तुजी गारी गटाराव झोपली असती." आणि ते खरं होतं.

मिस्त्रीकडे जायचा विषय मी काढला तर बाबाच म्हणायचे, "कशाला? चाललंय ना?" आभाळ पूर्वीसारखं दिसत नाही म्हणून मी टपाच्या छतात उजेडाचा फायबर पत्रा बसवून देतो म्हटलं. त्यालाही नाही म्हणाले. "भोक पाडू नको. गललं त मंग पुन्ना तुजी बडबड." दारातून जेवढं दिसतं तेवढं त्यांना पुरत होतं. गाडी आत येताना ते मागे तोंड करून बसलेले असायचे, त्यामुळे गल्लीतली माणसं त्यांच्यापासून मागे मागे जायची, आणि तेवढ्या वाटेत बाबा प्रत्येकाला हात करायचे. हे मला बायको सांगायची. मी पुढे, माझा एक डोळा गॅलरीवर आणि एक आरशात.

"ये रं, बस दोन मिनटं," हेही चालूच होतं. मी "आलो" म्हणायचो. गाडीला काही ना काही बघायचं असतंच.

बाबा गेले ते एका साध्या दिवशी. सकाळी गाडीबरोबर बाहेर आले, चहा प्यायले, पायी घरी गेले आणि खुर्चीत बसून बायकोला म्हणाले, छातीत कसंतरी होतंय. मी जासईला माल भरत होतो. वाशीच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा ते बोलत होते. मला म्हणाले, "गारी कुटं लावलीस?" मी म्हटलं, खाली लावली, तुम्ही गप पडा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले.

सुतकात गाडी बाहेर रस्त्यालाच होती. तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी पुन्हा कामाला लागलो, कारण घरात बसवत नव्हतं. घर लहान झाल्यासारखं वाटत होतं आणि मी या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. पहिल्या दिवशी नेरूळच्या दोन दुकानांत चुकीचे खोके उतरवले. सिग्नलला पुन्हा आरशात बघायला लागलो, कुलूप असूनही.

संध्याकाळी गल्लीपाशी आलो तर काका आणि तात्या उभे. स्टूल घेऊन. मला वाटलं नव्हतं ते येतील. मी दार उघडलं. दोघे चढले. दोघेही नेहमीसारखे आत सरकले आणि दाराजवळची उजवीकडची जागा त्यांनी मोकळी ठेवली.

मी गाडी आत घातली. केबिन गेली, पुढचं टोक गेलं, आणि मागे खर्रर्र झालं.

ब्रेक दाबला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. तेरा दिवसांत मी सगळं केलं होतं, सगळ्यांना सांभाळलं होतं, डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. त्या आवाजाने मात्र माझा बांध फुटला. बाबा नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

आवाज ऐकून बायको गल्लीतून पुढे आली. मागून तात्या उतरून केबिनपाशी आले. मग म्हणाले, "शेठ, उतरा खाली. वहिनीस्नी द्या गाडी. तुमी बसा मागं."

"मी कशाला? गोण्या टाकू उद्या रेतीच्या."

"त्या उद्या टाका. आज तुमी बसा. अंगानं बापावरच गेलाय न्हवं?"

बायकोने माझ्याकडे न बघता केबिनचं दार उघडलं आणि मी उतरायची वाट बघत उभी राहिली. मी मागे गेलो. काकांनी वरून हात दिला. "हितं बस, बाला," ते म्हणाले, आणि त्या उजवीकडच्या जागेवर थोपटून दाखवलं. मी दाराच्या काठाला पाय सोडून बसलो. माझ्या गाडीच्या हौद्यात, इतक्या वर्षांत, मी पहिल्यांदा बसलो होतो. पत्रा कोमट होता.

गाडी जरा मागे गेली, मग हळूहळू आत निघाली. गॅलरीची कड माझ्या डोक्यावरून सरकली. वर अगदी थोडी फट होती, त्यातून आभाळाची रेघ दिसली आणि गेली. मग गल्ली माझ्यासमोर उघडत मागे जायला लागली. दोरीवरचे कपडे काढणारी बाई, दुधाची पिशवी घेऊन चाललेली म्हातारी, शिकवणीहून आलेल्या दोन मुली, इस्त्रीवाला. गाडी दिसली तशा त्यांच्या माना वळल्या आणि हात वर झाले. म्हातारीचा हात वर गेला, मग तिला दिसलं कोण बसलंय, आणि तो हात तिने खाली घेतला नाही, तसाच धरून ठेवला. इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून हात केला. मला काय करावं कळेना. मग मीही हात वर केला, आणि शेवटच्या घरापर्यंत तो वरच ठेवला.

गाडी खळ्यातल्या जागेवर थांबली. केबिनमधून बायकोने मागे ओरडून विचारलं, "घासली का हो?"

"नाय," मी म्हणालो.

ती उतरून मागे आली. काका आणि तात्या बसूनच होते. मला उठायला हवं होतं, दाराची कडी बघायला हवी होती, उद्याच्या मालाचा फोन करायचा होता. समोर गॅलऱ्या आणि टाक्यांच्या मधे संध्याकाळचं आभाळ दिसत होतं. मी तिला म्हटलं, चहा इथेच आण, आणि बसून राहिलो.